नमुन्याला नमुना राहू द्या!

तुमच्या होस्टेलमधल्या नमुन्याचं नाव सांगा बघू. खरं नाव नको, ते तसंही कुणाला आठवत नसतं. अख्खा मजला त्याला ज्या नावाने हाक मारतो, ते सांगा. आलं ना लगेच ओठांवर? आणि 'आमच्याकडे असा कुणीच नाही' असं म्हणत असाल, तर जरा जपून. तो नमुना बहुतेक तुम्हीच आहात!

मुलांचं कुठलंही होस्टेल घ्या, शाळेचं किंवा कॉलेजचं, सरकारी किंवा खासगी. मंडळी तीच असतात. एक जण आपल्या बादलीला सायकलचं कुलूप लावून झोपतो. एक जण परीक्षेच्या आदल्या रात्री बारा वाजता खोली आवरायला काढतो. एक जण पहाटे चारला उठून मोठमोठ्याने पाठांतर करतो, सगळ्यांना जागं करतो आणि सात वाजता स्वतः ढाराढूर झोपतो. एकाला घरून आलेला डबा न उघडताच कळतं, की आत बेसनाचे लाडू आहेत की रव्याचे. एक जण गेल्या तीन महिन्यांपासून 'उद्यापासून जिम' लावतोय.

आपण या मंडळींना हसतो, त्यांचे किस्से सांगतो. सुट्टीत घरी गेलो की आईसमोर त्यांच्या नकला करतो. पण मला वाटतं, होस्टेलच्या फीमध्ये जे काही मिळतं त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. आणि नेमकं तेच आपण हातातल्या फोनने संपवत चाललोय. कसं, ते सांगतो.

एक बंब, चाळीस मुलं

मी आठवी ते दहावी एका निवासी शाळेत होतो. फक्त मुलांची शाळा. लांबच लांब डॉर्मिटरी, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेखाली एक लोखंडी ट्रंक. फोनला सक्त बंदी. रविवारी ऑफिसमधल्या लँडलाइनवरून घरी बोलायचं, तेही मागे रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांच्या साक्षीने.

चाळीस मुलांमागे आंघोळीच्या पाण्याचा एकच बंब होता. पहिल्या दहा जणांना कढत पाणी, पुढच्या दहांना कोमट आणि उरलेल्यांना देवाचं नाव. थंडीत यावरून मारामाऱ्या व्हायच्या. तेव्हा आमच्यातल्या एकाने स्वतःच स्वतःची 'बंबाधिकारी' म्हणून नेमणूक केली. आम्ही त्याला बंब्या म्हणायचो. बंब्याने कोल्डड्रिंकच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं जमवली आणि प्रत्येकाला आठवड्याला तीन वाटली. एक झाकण म्हणजे एक गरम बादली. हिशोब एका वहीत.

पंधरा दिवसांत ही झाकणं म्हणजे डॉर्मचा पैसा झाला. दोन झाकणांना एक लाडू. एका झाकणात भूगोलाचा नकाशा काढून मिळायचा. ज्यांना थंड पाणी चालायचं ते श्रीमंत झाले. मग दिवाळीची सुट्टी झाली आणि एक पठ्ठ्या परत येताना मामाच्या कोल्डड्रिंकच्या दुकानातून पिशवीभर झाकणं घेऊन आला. आठवड्याभरात लाडू पंधरा झाकणांवर गेला आणि बंब्या डोक्याला हात लावून खाटेवर बसला. शेवटी रेक्टर सरांनी सगळी टांकसाळ जप्त केली. पुढे वर्गात चलनवाढ शिकवताना सरांनी उदाहरण विचारलं, तेव्हा अख्ख्या वर्गाने वळून एकाच बाकाकडे पाहिलं.

दुसरा होता 'वेधशाळा'. सकाळी खिडकीतून हात बाहेर काढून तो दिवसाचं हवामान जाहीर करायचा आणि न चुकता चुकायचा. इतका भरवशाने चुकायचा, की त्याने 'आज कोरडं' म्हटलं रे म्हटलं, की सगळे पळत जाऊन दोरीवरचे कपडे काढायचे. म्हणजे बघा, त्याचा उपयोग खऱ्या वेधशाळेइतकाच होता, फक्त उलटा वाचायचा.

आज बंब्या बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. वेधशाळा कृषी महाविद्यालयात आहे आणि हवामानाच्या पेपरात त्याला काठावरचे मार्क पडलेत. दोघांनाही त्या नावाने आता कुणी हाक मारत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी ते जे काही होते, ते त्यांना मनसोक्त होता आलं आणि मग ते सोडून पुढेही जाता आलं. हा 'सोडून पुढे जाता आलं' भाग लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

झोपेतला लिलाव

तिसऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल. तो निफाड तालुक्यातला, घरी कांद्याची शेती. सुट्टीत वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून बाजार समितीत जायचा. त्याला झोपेत बोलायची सवय होती आणि तो झोपेत कांद्याचा लिलाव करायचा. अगदी सुरात. 'बाराशे, बाराशे एक, बाराशे दहा...' शेजारच्या खाटांवरून आम्ही बोली वाढवायचो आणि तो झोपेतच ती धरायचा! एका रात्री कुणीतरी रेक्टर सरांची स्कूटर लिलावात काढली. ती चौदाशेला गेली. दुसऱ्या दिवशी सर स्कूटरला किक मारत होते आणि आम्ही चाळीस जण तोंडं दाबून उभे. लिलाव करणाऱ्याला मात्र आपण काय विकलंय याचा पत्ता नव्हता. सांगितल्यावर सगळ्यात जास्त तोच हसला.

मग २०१८ चा हिवाळा आला. कांद्याचे भाव किती पडले होते, आठवतंय? त्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून हातात आलेले १०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते. ती बातमी पेपरमध्ये आली होती. आमच्या डॉर्ममध्ये एकच पेपर यायचा आणि तो सगळ्यांनी वाचला होता.

त्या आठवड्यात एका रात्री लिलाव सुरू झाला. 'दीडशे, दीडशे एक...' हा भाव क्विंटलचा. म्हणजे किलोला दीड रुपया. तो थांबला, पुन्हा म्हणाला, 'दीडशे.' कुणीही बोली लावली नाही. कुणी हसलंही नाही. थोड्या वेळाने तो कूस बदलून गप्प झाला. सकाळी त्याला कुणी काही सांगितलं नाही आणि त्यानंतर आम्ही आपापसातही तो विषय काढला नाही. चाळीस वात्रट पोरांना 'आता हसायचं नाही' हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्यासोबत रोज जेवून, भांडून, त्याचं घर काय आणि कसं चालतं हे ऐकून ते कळलं होतं.

हे लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. म्हणाला, 'तालुका लिही, नाव नको. आणि स्कूटरचं कमिशन अजून मिळालेलं नाही, तेही लिही.' लिहिलं.

आता हाच प्रसंग आजच्या एखाद्या होस्टेलमध्ये घडतोय, अशी कल्पना करा. पहिल्याच रात्री कुणीतरी व्हिडिओ काढला असता. वर हसण्याचे इमोजी, खाली 'झोपेतला व्यापारी'. दोन लाख व्ह्यूज. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच दिवशी, 'अरे, तू तोच ना?' आणि ती दीडशेची रात्र? तिचाही व्हिडिओ निघाला असता, कारण पहिल्याला व्ह्यूज मिळाले म्हटल्यावर दुसरा भाग हवाच. आणि तो बघणाऱ्या दोन लाखांना निफाड काय, दीडशे काय, त्याचा बाप काय, कशाचाच संदर्भ नसता.

चाळीस जणांचा पेपर

पत्रकारिता शिकताना आम्हाला एक प्रश्न सारखा विचारला जातो: तुमचा वाचक कोण? होस्टेलच्या गमतीला हा प्रश्न लावून बघा.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, तोवर ते मुलांबरोबर राहिले. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, अस्ताव्यस्त टाकलेले कपडे घडी करून ठेवायचे आणि त्याबद्दल बोलायचे नाहीत. याच काळात ते मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचं हस्तलिखित काढायचे. रोज, हाताने लिहून.

त्या दैनिकाची ताकद मला त्याच्या छोट्या वाचकवर्गात दिसते. लिहिणारा आणि वाचणारा एकाच छपराखाली. ज्याच्याबद्दल काही लिहाल, तो संध्याकाळी तुमच्या शेजारी जेवायला बसणार. अशा ठिकाणी माणूस आपोआप जपून लिहितो. चेष्टा करतो, पण त्या चेष्टेत समोरच्याला जागा ठेवतो. तो उठून उत्तर देऊ शकतो, उद्या तुमची उडवू शकतो, रुसू शकतो आणि मग तुम्हाला त्याला मनवावंही लागतं.

रीलमध्ये यातलं काहीच नाही. ज्याच्यावर हसतात तो एका खोलीत, हसणारे लाखभर भलतीकडेच. तो कुणाकुणाला उत्तर देणार?

'ते पण रॅगिंगच की!'

आता काही जण म्हणतील, मित्रा, होस्टेलची गंमत कसली सांगतोस? गमतीच्याच नावाखाली किती पोरांचं आयुष्य बरबाद झालंय! बरोबर आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, तो उगाच नाही. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. रॅगिंगची व्याख्याही वाचून बघा. विद्यार्थ्याला शरीराची किंवा मनाची इजा होईल, भीती, लाज किंवा संकोच वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग, आणि त्यात चेष्टा आणि खोड्यासुद्धा येतात. म्हणजे 'आम्ही तर फक्त मस्करी केली' हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. यूजीसीचे देशभरासाठीचे कडक नियमही त्याच वर्षी आले.

आणि माझ्या शाळेला मी स्वर्ग म्हणत नाहीये. आठवीत आमच्याबरोबर एक मुलगा होता. तो घरी जी बोली बोलायचा, तीच डॉर्ममध्ये बोलायचा. 'पाणी'ला 'पानी' म्हणायचा. काही जणांनी त्यावरून त्याला नाव पाडलं आणि मग तो प्यायला पाणी मागायलाही टाळू लागला. दिवाळीच्या सुट्टीला घरी गेला, तो परत आलाच नाही. मोठ्यांच्या ते लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

बंब्या आणि हा मुलगा, दोघांनाही नावं पाडली गेली. मग फरक कुठे पडला? बंब्याला हसत होते ते त्याच्या उद्योगावर. उद्योग त्याने स्वतः निवडला होता, तो कधीही सोडू शकत होता, उलट त्यात त्याची थोडी शान होती. या मुलाला हसत होते ते त्याच्या बोलीवर. ती त्याने निवडली नव्हती आणि अंगावरून उतरवूनही ठेवता येत नव्हती. जात, रंग, बोली, शरीर, घरची परिस्थिती, फी सवलतीत आहे की नाही, यावरून पडलेलं कुठलंही नाव गमतीचं नसतं. पाडणाऱ्याने कितीही प्रेमाने पाडलेलं असो.

म्हणून मी एक साधी फूटपट्टी वापरतो. तो जे *करतो* त्यावर हसा, तो जो *आहे* त्यावर नको. आणि तो 'बस' म्हणाला की बस.

होस्टेल मुळात कशासाठी?

महाराष्ट्रात वसतिगृहांचा इतिहास मोठा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली, कारण गावाकडच्या पोराला शहरात शिकायचं तर डोक्यावर छप्पर हवं. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं. त्या काळात वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीत जेवायची. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाबरोबर राहायला शिकणं हाच तिथला सगळ्यात मोठा धडा होता.

आज आपल्याला मित्र निवडता येतात, फॉलो-अनफॉलो करता येतं, नको तो म्यूट करता येतो. रूममेट मात्र बहुतेक वेळा निवडता येत नाही. तो यादीत येतो. घोरतो, रात्री दोनला मॅगी करतो, तुमच्या टॉवेलला स्वतःचा समजतो. त्याला सहन करता करता एक दिवस लक्षात येतं, की याच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी आपल्यालाही जेवण गेलं नव्हतं. हे शिक्षण कुठल्या सेमिस्टरमध्ये नाही.

पण कॅमेरा आला की नमुना सावध होतो. झोपताना तोंडावर चादर घेतो. गाणं मोठ्याने म्हणत नाही. घरून फोन आला की जिन्यात जाऊन बोलतो, कारण आपल्या बोलण्याचा कुणी स्टिकर करेल. बघता बघता अख्ख्या मजल्यावर सगळे सारखेच होतात, नीटनेटके, कानात इअरफोन घातलेले, कंटाळवाणे. कुणीच हास्यास्पद व्हायला तयार नाही. आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हास्यास्पद व्हायची मुभा नसेल, तर मग कधी? नोकरीच्या इंटरव्ह्यूला?

'पण आठवणी राहतात ना!'

हा युक्तिवाद मी दर वेळी ऐकतो. व्हिडिओ आहे म्हणून दहा वर्षांनी बघता येईल. ठीक आहे. पण आठवण आणि पुरावा यात फरक आहे. आठवण तुमच्याबरोबर मोठी होते, थोडी खोटी होते, गोड होते. पुरावा आहे तसाच राहतो आणि तो कुणाच्याही हाती लागतो. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नितेश तिवारी यांनी २०१९ मध्ये 'छिछोरे' केला. त्यातले होस्टेलचे नमुने आपल्याला आवडले, कारण ते वर्षानुवर्षं मुरलेल्या आठवणीतून आले होते. त्याच काळात कुणी त्या मुलांना चोरून शूट केलं असतं, तर त्याचा सिनेमा झाला नसता, तक्रार झाली असती.

आणि तक्रार होऊ शकते, बरं का. टॉवेल ओढून किंवा बाथरूमच्या दारावरून 'गमतीत' काढलेला व्हिडिओ गंमत नसतो. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फॉरवर्ड करणाराही त्यात येतो.

एखादा स्वतःच स्वतःची रील करत असेल तर प्रश्नच नाही, ती त्याची हौस. वेधशाळेने आज चॅनेल काढलं, तर पहिला सबस्क्रायबर मी असेन आणि तो सांगेल त्याच्या उलट छत्री घेईन.

मग करायचं काय?

मोठी चळवळ नको. आपल्या मजल्यापुरते तीन नियम करा. रूममेट्सना या आठवड्यातच विचारून टाका.

एक, झोपलेला, रडणारा आणि आंघोळीला निघालेला माणूस, या तिघांवर कॅमेरा नाही. कधीच नाही.

दोन, किस्सा तोंडाने सांगा. हवा तेवढा तिखटमीठ लावून सांगा, नकला करा. पण ज्याचा किस्सा आहे तो समोर बसलेला असताना सांगता येत असेल, तरच.

तीन, नवीन आलेल्या मुलाला पाडलेलं नाव त्याला आवडलंय का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा. चारचौघांत तो 'हो' म्हणणारच. आणि तुमच्या होस्टेलमध्ये गंमत ही गंमत राहिलेली नसेल, तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. चोवीस तास चालू असते. नंबर फोनमध्ये ठेवा. फोनचा एक चांगला उपयोगही सांगतोय.

जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या मजल्यावर नवी मुलं येतील, ट्रंकांऐवजी ट्रॉली बॅगा घेऊन. त्यातला एखादा बादलीला कुलूप लावेल. एखादा आरशाशी गप्पा मारेल. हसा की, पोट धरून हसा. फक्त फोन खिशात राहू द्या. त्याला आयुष्यभर पुरेल असा एक किस्सा तयार होतोय आणि कोण जाणे, त्यातले वात्रट तुम्हीच असाल!